मिसाचं घड्याळ आणि तीन लॉगर

बाईंनी मला विचारलं होतं आणि मी 'हो' म्हणाले होते. पुढचं सगळं त्या 'हो'मुळे घडलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

सोमवारची सकाळ होती. बाई पडवीतल्या टेबलाशी लॅपटॉपसमोर बसलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. मी चहा ठेवायला गेले तेव्हा पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "पाच, सहा आणि सात नंबरचे लॉगर. ह्यांच्या वेळा लॅपटॉपवरूनच लावल्या होत्यास ना?"

"हो बाई."

"नक्की?"

"रजिस्टरला टिक आहे ना."

टिक होतीच, माझ्याच हातची. बाईंनी मान हलवली आणि पुन्हा त्या रेघांमध्ये बुडून गेल्या. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी तो विषय मिटवला आणि दोन दिवस भलतीकडेच कारण शोधत बसल्या.

मी लातूरकडची. आठवीनंतर शाळा सुटली. मालवणला आले ती एका ब्युरोमार्फत, म्हाताऱ्या माणसाची सेवा करायला. बाईंच्या आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. घरातले त्यांना मांय म्हणत, मीही म्हणायला लागले. दोन वर्षं त्यांचं सगळं केलं. मांय गेल्या, चर्चमध्ये महिन्याची मिसा, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना, झाली आणि मी बॅग भरली. जिच्यासाठी आले तीच राहिली नाही, मग मी कुणाच्या घरात कशाला राहू? तर बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मांयच्या औषधांची वही तू ठेवायचीस ना? काल वाचली मी ती. दोन वर्षांत एक रकाना रिकामा नाही. बॅग ठेव खाली. मला वही ठेवणारं माणूस हवंय."

ते ऐकलं त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या पोटात एक भीती आहे. आपल्याला काहीतरी फार मोठं मिळालंय, आणि ते एका चुकीनं परत जाईल, अशी. माणूस उपकाराखाली असला की त्याला झोप बेताचीच लागते.

बाईंनी आयुष्यभर जमिनीखालच्या पाइपांचं गंजणं तपासलं, निवृत्त होऊन गावी आल्या, पण काम सुटलं नाही. दूरच्या एका मोठ्या शहरात विजेवर चालणारी हलकी मेट्रो आहे. तिच्या आकड्यांचं काम आमच्या पडवीत चालतं. हे काम काय, ते बाईंनी मला पहिल्या दिवशी समजावलं होतं. गाडीला दिलेली वीज रुळांवरून परत जायची असते. पण रूळ आणि जमीन ह्यांच्यात जिथे ओल असेल तिथून थोडी वीज जमिनीत निसटते आणि भटकत निघते. वाटेत पाण्याचा लोखंडी पाइप भेटला की त्यात शिरते. शिरताना काही बिघडत नाही. बाहेर पडते तिथे मात्र लोखंड खाऊन जाते आणि पाइपाला भोकं पडतात.

बाईंचा भाऊ तेव्हा तिथेच बसला होता. त्याचं देवबागला होमस्टे आहे. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या गिऱ्हायकांसारखी. येताना काय नाय, जाताना टॉवेल घेऊन जातत."

ह्या भटक्या विजेवर लक्ष ठेवायला पाइपांवर जागोजागी लॉगर लावतात. लॉगर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. पाइपावर विजेचा किती दाब आहे तो आकडा ती सेकंदासेकंदाला टिपते आणि त्याच्या शेजारी वेळ लिहिते. ही वेळ गाडीच्या नोंदीशी जुळवली की कळतं, आकडा हलला तो गाडीमुळे की आणखी कशामुळे. वेळच चुकली तर आकडा खरा असूनही खोटं बोलतो. लॉगर बाईंचे आहेत. ते अधूनमधून कुरिअरने इथे येतात. मी त्यांचे सेल बदलते, तपासते, वेळ लावते, रजिस्टरला टिक करते आणि परत धाडते. मापं झाली की फायली मेलने येतात. त्या नीट नावं देऊन ठेवायच्या हेही माझंच काम. बाईंचा एकच कडक नियम आहे: आलेल्या मूळ फायलीला हात लावायचा नाही. "ती साक्षीदार आहे," त्या म्हणतात. "साक्षीदाराच्या तोंडात आपण शब्द घालायचे नाहीत."

तर त्या खेपेला सात ठिकाणच्या फायली आल्या होत्या. पहिल्या चार गाड्यांबरोबर पावलाला पाऊल लावून चालत होत्या. गाडी सुटली की आकडा उसळे, थांबली की बसे. पाच, सहा, सात मात्र आपल्याच नादात. गाडी जाई तेव्हा गप्प, गाडी नसताना उसळी. ह्या तिन्ही जागा एकाच मोठ्या पाण्याच्या पाइपावरच्या. त्याच्या पाण्यावर एक दाट वस्ती आणि दोन शाळा आहेत, असं बाईंच्या नकाशात लिहिलेलं होतं.

"गाडीशी संबंध दिसत नाही असं लिहिलं," बाई मंगळवारी रात्री जेवताना म्हणाल्या, "तर हा तुकडा मेट्रोच्या पाइप-दुरुस्तीच्या कामातून वगळतील. पाणी खात्याकडे वेगळे पैसे नाहीत. मग तो तसाच राहणार. आणि संबंध आहे असं लिहायला माझ्याकडे पुरावा नाही."

गुरुवारी अकराला त्या शहरात बैठक होती. अहवाल बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत जायला हवा होता.

बुधवारी बारा वाजता चर्चची घंटा झाली. मी बैठकीच्या खोलीत फरशी पुसत होते. घंटा ऐकून सवयीनं वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं होऊन गेली होती.

ते घड्याळ मांयचं. दहा मिनिटं पुढे. मांय चालत्या-फिरत्या होत्या तेव्हा मिसाला कधी उशीर होऊ नये म्हणून त्यांनीच ते तसं ठेवलेलं. त्या गेल्या, पण घड्याळाला कुणी हात लावला नाही. घरातली सगळी माणसं मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करत. मी करत नसे. मी दोन वर्षं त्याच घड्याळावर गोळ्या दिल्या, त्याच घड्याळावर मांयची कूस बदलली, पेज भरवली. माझ्यासाठी तीच वेळ होती. एसटी पकडायला मी नेहमी लवकर पोचते, ते मला माझ्या घाबरट स्वभावामुळे वाटायचं.

फडकं हातातच राहिलं. मला तो दिवस आठवला.

वाऱ्यानं तारांवर माड पडला होता आणि दीड दिवस लाइट नव्हती. बाई वेंगुर्ल्याला भाचीच्या रोसाला, म्हणजे लग्नाआधी नवरीला नारळाचा रस लावतात त्याला, गेलेल्या. लॅपटॉप बंद, माझा मोबाइल बंद. तीन लॉगर दुपारच्या कुरिअरला द्यायचेच होते. लॉगरवर छोटी बटणं असतात, त्यांनी हातानंही वेळ लावता येते. मी वर भिंतीकडे पाहिलं, आणि एकेक करून तिन्हींना घड्याळातली वेळ लावली. मग रजिस्टर उघडलं. 'लॅपटॉपवरून वेळ लावली' असा रकाना आहे, त्यात रोजच्यासारख्या तीन टिका केल्या. खोटं लिहायचं म्हणून नाही. रकाना रिकामा ठेवायची सवय नव्हती म्हणून.

त्या तीन पेट्यांना पाच, सहा, सात नंबर आहेत.

मी बाईंच्या दारापर्यंत गेले. आत त्या फोनवर कुणाला सांगत होत्या, "नाही नाही, लॉगरच्या वेळेचा प्रश्न नाही. माझी मुलगी त्या बाबतीत पक्की आहे." माझी मुलगी म्हणजे मी, कामावरची. मी तशीच मागे फिरले.

जेवणं झाली. बाई दोन रात्री जागलेल्या, अर्धा तास पडते म्हणून आत गेल्या. लॅपटॉप उघडाच होता. मी पाचव्या फायलीची नक्कल काढली. बाईंनीच शिकवलंय, एका रकान्यातून ठराविक वेळ कशी वजा करायची. दहा मिनिटं वजा केली आणि रेघ काढून बघितली.

इतका वेळ आपल्याच नादात असलेली रेघ गाड्यांच्या मागोमाग चालायला लागली. अगदी तंतोतंत नाही, पण चालत होती.

मला रडू आलं. आनंदाचं की भीतीचं, सांगता येत नाही. माझ्या गावाला पाइप आहे, त्यात पाणी येत नाही. तिकडच्या वस्तीतल्या बायका सकाळी नळ सोडतात, त्यांना काय माहीत की त्यांच्या नळाखालचा पाइप माझ्या दहा मिनिटांवर टांगलाय. आणि लगेच दुसरा विचार आला, तो लिहायला लाज वाटते पण लिहिते. ही नक्कल मूळ फायलीच्या जागी ठेवली तर? तिन्हींचं असंच करायचं. बाई उठतील, रेघा जुळलेल्या बघतील. मी म्हणेन, मेल पुन्हा आला होता, आधीच्या फायली खराब होत्या. अहवाल खरा जाईल, पाइप वाचेल, मीही वाचेन. खोटं कुठे आहे त्यात? फक्त साक्षीदाराच्या तोंडात एक शब्द.

नक्कल सेव्ह केली. मूळ फायलीच्या नावावर बाण नेला आणि तिथंच थांबले.

अंगणात स्कूटर वाजली. भाऊ आला. पिशवीत बांगडे.

"काय गो, तोंडाचा काय झाला? बांगडो करपलो काय?"

"काही नाही भाऊ. बाई झोपल्यात."

"झोपू दे." पिशवी माझ्या हातात देऊन तो बैठकीत गेला आणि घड्याळासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ह्या घड्याळान मागच्या रविवारी माका परत फसवल्यान. बघलंय नि जेवण सोडून धावलंय, नि तरीवर पोचलंय तर होडी अजून लागाक नाय. मांय गेली. आता कोणाक मिसाक धाडूचा आसा? आज सारखाच करून टाकतंय. स्टूल खंय आसा?"

स्टूल दाराशी होतं. त्यानं ओढलं, वर चढला, घड्याळ खिळ्यावरून काढलं आणि उलटं केलं. मागच्या बारक्या चकतीवर बोट ठेवलं.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होते. पिशवीतून पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं. मला लख्ख कळत होतं की हे बोट फिरलं की झालं. घड्याळ बरोबर होईल. त्या दिवशी ते नेमकं किती पुढे होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी काही करायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं.

"हात लावू नका!"

मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं ओरडले नसेन. भाऊ स्टुलावर डगमगला.

"अगो, काय झाला? शॉक लागलो काय तुका?"

बाई दारात आल्या होत्या. केस विस्कटलेले, चष्मा हातात. मी त्यांच्याकडे बघून एका दमात सांगितलं. माड, लाइट, कुरिअर, घड्याळ, टिका. शेवटी म्हणाले, "सोमवारी हो म्हणाले ते चुकून, बाई. तेव्हा आठवलं नव्हतं."

"मग आठवलं कधी?"

"आज. बाराच्या घंटेला."

बाईंनी फोनमध्ये पाहिलं. "आता पावणेचार झालेत."

चुकीचं एक वेळ समजवता आलं असतं, त्या पावणेचार तासांचं काय सांगणार?

बाई लॅपटॉपकडे गेल्या. ती नक्कल समोरच होती. "ही कुणी केली?"

"मी."

"कशाला?"

"मूळच्या जागी ठेवणार होते," म्हणाले.

"मूळ फाइल?"

"हात नाही लावला."

त्यांनी स्वतः उघडून तपासलं. एकेक करून तिन्ही. मग नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये माया नव्हती, पण मला तेवढंही पुरलं.

भावाकडे वळून त्या म्हणाल्या, "तू आधी खाली उतर. घड्याळ हंयसर ठेव, टेबलावर. काट्याक हात लावू नको."

"म्हणजे काय," भाऊ उतरता उतरता म्हणाला, "मांय गेली तरी तिच्या घड्याळान अख्खी मेट्रो मिसाक धाडल्यान!"

मग त्यानं घड्याळ जपून टेबलावर ठेवलं.

बाईंनी फोन घड्याळाशेजारी धरला. अकरा मिनिटं आणि वर काही सेकंद. दहा नव्हेच. "मांयच्या वेळी दहा होतं," त्या म्हणाल्या. "हळूहळू पळत गेलंय. तू लॉगर लावलेस तेव्हा नेमकं किती होतं?"

"कसं सांगू बाई?"

"सांगू नकोस. अंदाजानं तर मुळीच नको. वेळ का चुकली ते घड्याळानं सांगितलं. किती चुकली ते फायलींनाच सांगू दे."

मग त्यांनी दाखवलं. रात्री शेवटची गाडी गेली की पाइप शांत होतो, रेघ सरळ पडून राहते. पहाटे पहिली गाडी सुटली की रेघ दचकते. सातही पाइपांना उठवणारी गाडी एकच. ती बरोबर वेळेच्या चार फायलींत किती वाजता दिसते आणि ह्या तिन्हींत किती वाजता, हे रोजच्या रोज मांडायचं. बाई शोधायच्या, भाऊ मोठ्यानं वाचायचा, मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहायची. भाऊ आकडे लिलावातल्यासारखे पुकारत होता. पहिल्या दोन ओळी माझ्याकडून चुकल्या, त्या मी गिरबटून टाकल्या.

"खाडाखोड नको," बाई म्हणाल्या. "एक रेघ मार, खालचं दिसलं पाहिजे."

पाच वाजायच्या आत उत्तर आलं. साडेदहा मिनिटं आणि थोडं, रोज तेवढंच, एकाही सकाळी वेगळं नाही. सातव्यात काही सेकंदांचा फरक निघाला, तो माझ्या बोटाचा. शेवटचं बटण मी उशिरा दाबलं असणार. बाईंनी मूळ तीन फायली होत्या तशा ठेवल्या, शेजारी दुरुस्त वेळेचा नवा रकाना केला आणि गाड्यांवर रेघा चढवल्या. आता त्या तंतोतंत बसल्या. तिन्ही ठिकाणी वीज पाइपातून बाहेर पडत होती.

बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "अहवालात टीप लागेल. वेळ का बदलली त्याची. तू लिही."

"मी? मला इंग्रजी..."

"मराठीत लिही. इंग्रजी मी करीन. पण जे झालं ते तू लिही."

मी लिहिलं: 'पाच, सहा व सात क्रमांकाच्या लॉगरची वेळ वीज नसल्यामुळे घरातील भिंतीवरच्या घड्याळावरून लावली. ते घड्याळ पुढे होते. रजिस्टरमध्ये लॅपटॉपवरून लावल्याची खूण केली, ती चूक आहे. वेळ लावणारी व खूण करणारी मीच.' खाली माझं नाव. नावापुढे हुद्दा काय लिहायचा ते कळेना. बाईंनी टाइप केला: मापनाच्या नोंदी ठेवणारी.

सहाला दहा कमी असताना अहवाल गेला. खऱ्या वेळेनं दहा कमी. त्यानंतर बाई माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि ते मला ओरडण्यापेक्षा जड गेलं. मी बॅग कपाटातून काढून खाटेखाली ठेवली. हाताशी असावी म्हणून.

गुरुवारी बैठकीतून फोन आला. बाईंनी स्पीकर चालू केला. तिकडून एक साहेब म्हणाले, "ती टीप वाचली. ज्यांनी वेळ लावली त्या मॅडम आहेत का लाइनवर?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आहेत," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तीन लॉगरच्या बाबतीत असं झालं, तर बाकीच्या चारवर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

माझ्या कानात चर्चची घंटा वाजावी तसं वाजत होतं. "माझ्यावर ठेवू नका, साहेब," मी म्हणाले. "पहाटेची पहिली गाडी बघा. चारही फायलींत ती एकाच मिनिटाला आहे, तुमच्या सबस्टेशनच्या नोंदीतही त्याच मिनिटाला. आणि मूळ फायली जशा आल्या तशाच अहवालासोबत तुमच्याकडे पाठवल्यात. आमच्या दुरुस्तीशिवायही तपासता येतील."

पलीकडे कागद वाजले, कुणीतरी कुणाशी बोललं. बाई टेबलावर बोटांनी ठेका धरून बसल्या होत्या. त्यांच्या घाबरण्याची ती खूण, हे मला मांयच्या शेवटच्या दिवसांत कळलं होतं.

त्या तीन जागा यादीतून वगळायच्या नाहीत, पण आठवडाभर पुन्हा मोजायचं, असं ठरलं. लॉगर परत आले. ह्या वेळी वेळ लावताना बाई समोर बसल्या, पण बटणं माझ्याकडूनच दाबून घेतली. मोजून आलेल्या नव्या रेघा गाडीमागून तशाच चालल्या, आमच्या दुरुस्त रकान्यातल्यासारख्या. पाइपाचा तो तुकडा कामात घेतला गेला. बाईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं, दोनदा. मग म्हणाल्या, "खाटेखालची बॅग कपाटात ठेव. झाडताना आडवी येते."

घड्याळ पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. भाऊ अजून म्हणतो, सारखा करूया, आणि बाई म्हणतात, मांयचं आहे, असू दे. पण रजिस्टरमध्ये आता एक रकाना वाढलाय. दर शनिवारी सकाळी मी फोन शेजारी धरते आणि घरचं घड्याळ किती पुढे आहे ते लिहिते. गेल्या शनिवारी बारा मिनिटं होतं.